उरलेली हवा

"मावशी, पिशवीत काय आहे?" पेंटबॉलच्या मैदानाच्या फाटकाशी मालकानं अडवलं.

पर्यटकांचे रंगानं माखलेले कपडे धुणाऱ्या मावशींनी पेंटबॉलच्या बंदुकीला लावायची हवेची छोटी टाकी बाहेर काढली.

"चोरी नाही, साहेब. शेवटचा खेळ संपला की टाक्यांतली उरलेली हवा सोडूनच देता ना तुम्ही? आमची पोर सारिका एअर रायफलनं नेमबाजी करते. ती हीच हवा रायफलीत भरून सराव करते. सकाळी टाकी जागेवर असते."

"कधीपासून चाललंय हे?"

"गणपतीपासून. परवा तिची जिल्ह्याची निवड चाचणी आहे."

मालकानं टाकीचा काटा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि टाकी घेऊन आत गेला. आता काम गेलंच, असं धरून मावशींनी कमरेची कपड्यांच्या खोलीची किल्ली सोडून हातात घेतली.

आत कॉम्प्रेसर धडधडू लागला. मालक परत आला, तेव्हा टाकी गरम होती आणि काटा भरल्याच्या खुणेवर होता.

"एवढ्याशा हवेत पोरीनं नेम धरायचा कसा? ती किल्ली ठेवा कमरेला. आणि उद्या टाकीत हवा उरलेली दिसली, तर मात्र खरंच बोलेन."