सावलीतलं शेवाळ

लालबागच्या चाळीत धोंडूआजोबांची खाट गॅलरीत असायची. घरात वारा आणि सावली असलेली तेवढीच जागा. सून अक्षता खाण्याच्या समुद्री शेवाळाची पूड विकू लागली, तेव्हा गॅलरीत ओलं शेवाळ पसरलं आणि खोलीत पॅकिंग सुरू झालं. मुलानं, वैभवनं, वडिलांची खाट उचलून गच्चीवर नेऊन ठेवली.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी आजोबा घामानं निथळत, कठड्याला धरून खाली आले.

“ह्यां शेवाळ गच्चीवर घाल गो. माका ऊन सोसणा नाय.”

“नाही हो बाबा,” पान न् पान हलक्या हातानं उलटत अक्षता म्हणाली, “उन्हात त्यातली जीवनसत्त्वं जातात.”

“आणि माझां काय?”

 

“तुमच्यात आता जायला उरलंय काय?”