तोडीचा गंधार

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर मृदुलाताईंचा गाता गळा कायमचा गेला, तेव्हा मैफिली सोडून त्या पिपरी मेघे गावातल्या घरी एकट्याच राहू लागल्या. वर्षभराने एका सकाळी शेजारची वैदेही दारात आली. "मॅडम, मले गाणं शिकवा ना." "मला गाता येत नाही गं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मजाक काऊन करता? रोज पहाटे भिंतीपलीकडून तुमचं गाणं आमाले ऐकू येते." "म्हणून दाखव." पोरीने डोळे मिटून तोडी सुरू केली. आलाप मृदुलाताईंचाच होता. श्वाससुद्धा त्या घ्यायच्या तिथेच घेतलेला. त्यांच्या अंगावर काटा आला. "गंधार चढा लागतोय," त्या पुटपुटल्या. "तुमचा बी तसाच लागते, मॅडम." ह्याच गंधारासाठी गुरुजी त्यांना आयुष्यभर रागावले होते. त्यांनी तानपुरा जवळ ओढला. "बस," त्या म्हणाल्या, "तू, मी आणि पहाटे गाणारी ती, तिघी मिळून तो नीट लावू."