पोरांसमोर कानडीत

फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, म्हणून सिद्धारामनं अँबॅसिडर अलीकडंच उभी केली. समोर नाला, दोन्ही अंगांना सागाचं रान आणि वरून कालपासून न थांबलेला पाऊस. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी एकदम बघायची सवय नसते. पहिल्या दिवशी कौतुक वाटतं, दुसऱ्या दिवशी वैताग येतो. नागपूरच्याही पुढचा हा मुलूख काही संपता संपत नव्हता.

"अप्पा, बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडं घागरीसाठी मारामाऱ्या, आन् हितं बघा," मागच्या सीटवरून दहा वर्षांचा कल्लप्पा म्हणाला. "सगळं वाया चाललंय."

"घे मग खिशात भरून," सिद्धाराम म्हणाला.

सहा वर्षांचा सोमू खिदळला. तो पुढं अव्वाच्या, म्हणजे आईच्या मांडीवर बसला होता. सोलापूर सोडल्यापासून शरणम्मानं त्याला मागं जाऊच दिलं नव्हतं.

"ए कुक्कुलं बाळ, आता माझी पाळी," कल्लप्पानं त्याला मागून टपली मारली.

"येताना बस की. येताना पुढं तूच बस," सोमू म्हणाला.

शरणम्मा पाण्याकडं बघत कानडीत म्हणाली, "देवच वाट अडवतोय. गाडी वळवा."

"पाणी उतरेल," सिद्धारामही कानडीतच म्हणाला.

त्यांच्या घरात कानडी पोरांसाठी नव्हती. कल्लप्पानं शाळेत पहिल्याच दिवशी बाईंकडं 'नीरु', म्हणजे पाणी मागितलं, सगळा वर्ग फिदीफिदी हसला, तेव्हापासून पोरांशी फक्त मराठी बोलायचं, असा सिद्धारामचा हुकूम सुटला. कल्लप्पा होती तेवढी विसरला, सोमूला तर ती कुणी शिकवलीच नाही. कानडी उरली नवराबायकोपुरती. भावकीतली भांडणं, कुणाचं दुखणं, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं पोरांदेखत बिनधास्त कानडीत चालायचं.

"त्यांना मूल नाही, यात माझ्या लेकराचा काय गुन्हा?" शरणम्मा म्हणाली. हात सोमूच्या केसांतून फिरत होता.

"वडील गेले तेव्हा अण्णानं स्वतःची शाळा सोडली आणि मला शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तोंड उघडून काही मागितलं. नाही कसं म्हणू? आणि परक्याला थोडंच देतोय? त्याची लाकडाची वखार आहे, घर आहे. वहिनी तर देव पाण्यात घालून बसलीय."

"याला सांगणार कधी?"

"सांगायचं नाही. जेवला की झोपवायचं. झोपला की आपण निघायचं. जागा असला तर गाडीमागं पळत येईल. मग तुझ्यानं निघवणार नाही." समोरची काच पुसत तो म्हणाला, "माझ्यानंही नाही."

शरणम्माला हुंदका आवरेना.

"अव्वा, काय झालं गं?" कल्लप्पानं विचारलं.

"काय न्हाय रे. पावसाचं भ्याव वाटतंय," ती मराठीत म्हणाली.

सोमू काचेवरच्या वाफेत बोटानं रेघा ओढत होता. "अव्वा, दोड्डप्पाच्या घरी मांजर हाय का?" दोड्डप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ.

"असंल की."

"आन् दोड्डव्वा मारती का?"

"न्हाय रे बाळा. लई चांगली हाय ती."

"मग बरं," सोमू म्हणाला आणि तिच्या पदरात तोंड खुपसलं.

पाणी उतरलं. पलीकडून एक बैलगाडी आली, तिच्या चाकांवरून सिद्धारामनं खोलीचा अंदाज घेतला आणि गाडी घातली. शरणम्मानं गाडी बंद पडू दे म्हणून मनोमन हात जोडले. पण मेली गाडी! सोलापुरात येता-जाता ढकलायला लावणारी ती, नाल्यातून मात्र शहाण्यासारखी पार झाली.

थोरला भाऊ वीरभद्रप्पा फाटकाशी छत्रीशिवाय भिजत उभा होता. त्याची बायको शिवबाई आत भाकरी थापत होती. ज्वारीचं पीठ तिनं मुद्दाम कुणाकडून तरी मागवलं होतं. तिचा राग राग करायचा, असं शरणम्मानं वाटेत ठरवलं होतं. पण शिवबाईनं सोमूला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच भीत भीत विचारलं, "भाकरी कुस्करून देऊ का रे?" सोमूनं मान डोलावली, तशी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

जेवणं झाली. बाहेर पाऊस तसाच. वीरभद्रप्पानं कल्लप्पाला लाकडं कापायचं यंत्र दाखवायला नेलं. सोमू जांभई देत आईजवळ आला.

"अव्वा, झोप आली."

शरणम्मानं त्याला आतल्या खोलीत नेलं, बाजेवर निजवलं, घरची चादर अंगावर घातली आणि थोपटत बसली. रोज दुपारी घर डोक्यावर घेणारं पोर, प्रवासानं पार दमलं होतं. थोड्या वेळात त्याचा श्वास एका लयीत चालू लागला.

सिद्धाराम दारात आला. "झोपला?" त्यानं हळूच कानडीत विचारलं.

"झोपला."

"चल मग. पाणी वाढायच्या आत नाला ओलांडू. कल्लप्पा गाडीत बसलाय." तो आत आला नाही. पोराकडं बघायचं त्यानं टाळलं आणि तसाच मागं फिरला.

शरणम्मा उठली, दारापर्यंत गेली आणि परत बाजेशी आली. कसली आई मी, असं वाटून तिला स्वतःचीच किळस आली. बाहेर हॉर्न वाजला. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला, वाकून सोमूच्या कपाळाला ओठ लावले आणि तशीच थांबली.

हॉर्न पुन्हा वाजला.

सोमूनं डोळे उघडले नाहीत. पण ओठ हलले, आणि अगदी स्वच्छ कानडीत तो म्हणाला, "अव्वा, जा आता. मी झोपलोय."