झोपमोड

कितीतरी दिवसांच्या प्रवासानंतर आज कॅराव्हॅन तळ्याकाठीच उभी राहणार होती. गाडी चालवून दमलेली सून आत गाढ झोपली होती. सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

शेजारच्या गाडीतल्या बाई लांबूनच ओरडल्या, "अहो, ऊन डोक्यावर आलं! लेकीला उठवा की, नावेतून फिरून येऊ."

"हळू बोला," सासूबाई कुजबुजल्या. "सून आहे माझी. मुलगा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता तिचा. आज कुठे झोपलीय."

बाई ओशाळल्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचा मोठा आधार आहे हो तिला."

"छे हो! ही घर सोडून निघाली, तेव्हा वाटलं, आता मी एकटीच. तर गाडीचं पुढचं दार उघडून म्हणते कशी, 'आई, बसा लवकर!'"