बोटभर वाळू

सन १९७९. त्या वर्षी ध्यानकेंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरात घंटेचं काम टेलिफोन ऑपरेटर बाईंकडे आलं. बाई नुकत्याच निवृत्त झालेल्या. उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेला.

"तुम्ही मौन राखणार? म्हणजे मांजराकडे दुधाची राखण," धाकटी जाऊ म्हणाली होती.

मनगटी घड्याळं पहिल्याच दिवशी कार्यालयात जमा झाली, बाईंचंही. घंटेशेजारी काचेचं वाळूचं घड्याळ होतं.

"वाळू संपली की तास संपला. मग घंटा," केंद्र चालवणारे भिक्खू, भन्तेजी, एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले की बाई एकेक चेहरा न्याहाळत. आत काय चाललं असेल, याचं त्यांना भारी कुतूहल. कुणाच्या भुवया चढत, कुणी गालात हसे, एक गृहस्थ तर सरळ घोरत.

शेवटच्या रांगेत दवाखान्यातली इस्त्रीवाली होती. वीस वर्षं उभं राहून तिचे गुडघे कामातून गेलेले. मौन सुरू होण्याआधी ती बाईंना म्हणाली होती, "ताई, माझी ही तिसरी खेप. दोनदा मधूनच पळाले. मुलगी गेल्यापासून डोक्यात नुसता कालवा आहे. एकदा अख्खा तास बसता आलं, तर वाटेल, काहीतरी अजून माझ्या हातात आहे. या वेळी उठले तर पुन्हा नाही यायची."

पहिल्याच बैठकीत तिचे ओठ पांढरे पडले. उठण्यासाठी हात जमिनीकडे निघाला. वरच्या काचेत अजून बोटभर वाळू होती.

बाईंनी घंटा वाजवली.

मग रोजच बोटभर वाळू राहू लागली.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. इस्त्रीवालीनं बाईंचे हात धरले. "बसले हो ताई. अख्खा तास. पायाला मुंग्या कसल्या, वारूळच आलं होतं. पण कालवा थांबला."

बाईंना तिच्याकडे बघवेना. खोटं न बोलण्याचं शील घेऊन त्या रोज खोटं वाजवत होत्या. त्या भन्तेजींकडे गेल्या.

"भन्तेजी, त्या वाळूचं जरा..."

"घंटा छान वाजवता तुम्ही. पुढच्या शिबिरालाही या."

बाई गेल्या, आणि जातच राहिल्या. धाकटी जाऊ एकदाच आली आणि दुसऱ्या दिवशी बोलून मोकळी झाली. इस्त्रीवाली पुढे नव्या लोकांना बसायला शिकवू लागली. "मी अख्खा तास बसले, तर तुम्हाला काय धाड भरलीय?" असं ती म्हणाली की बाई मान खाली घालत. बारा वर्षांनी भन्तेजी गेले आणि केंद्र बाईंकडे आलं.

एका सकाळी पुसताना ते घड्याळ फुटलं. ज्या कारागिरानं ते घडवलं होतं त्याला बाईंनी पत्र घातलं, तसंच दुसरं करून द्या म्हणून. आठवड्यानं उत्तर आलं.

"करून देतो. फक्त एक कळवा. साध्या एका तासाचं हवं, की भन्तेजींनी मुद्दाम करून घेतलं होतं तसं सत्तर मिनिटांचं? घंटा वाजवणाऱ्याला दया येतेच, असं म्हणाले होते."