जुनी नळी

दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावरच्या त्या गावात टीलमन बंदुका दुरुस्त करी. आलेटाने आपल्या पणजोबांची लढाईतली रायफल त्याच्याकडे दिली होती. कुडू हरणांच्या शिकारीसाठी तिला मोठ्या काडतुसाची नळी बसवून हवी होती.

टीलमनने जुनी नळी काढून टेबलावर ठेवली, नवी बसवली आणि परसात जाऊन पहिली गोळी झाडली. समोरच्या कागदाला छिद्रच पडलं नाही.

"काका," आलेटा दुकानातून हसत ओरडली, "ही जुनी नळी धूर सोडतेय. काय भरून ठेवलंय हिच्यात?"

"काही नाही. हात लावू नकोस."

त्याने नीट नेम धरून दुसरी झाडली. कागद कोराच राहिला. आत टेबल खडखडलं.

रायफल रिकामी करून, तिचं तोंड माळाकडे करून परसातच ठेवून टीलमन आत धावला.

आलेटा जुनी नळी डोळ्याला लावून खिडकीतून परसात पाहत होती.

"खाली ठेव ती!"

"थांबा ना, कुणीतरी दिसतंय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काका, तो माझ्यावर नेम धरतोय."

टीलमनने बाहेर पाहिलं. परसात चिटपाखरूही नव्हतं. रायफलचं तोंड मात्र आता खिडकीकडे होतं, आणि काडतूस आत ढकलणारा तिचा बोल्ट सावकाश पुढे सरकत होता.