खुनी वकीलच आहे!

वाचनालयातल्या एका रहस्यकादंबरीच्या ऐन मध्यावर कुणीतरी सारखं पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, ‘खुनी वकीलच आहे!’ ग्रंथपालबाई खोडून खोडून थकल्या. सभासद त्यांच्यावरच उखडायचे, "बाई, सगळ्या मजेवर पाणी पडलं की हो!" शेवटी अध्यक्षांनी बजावलं, "हा आगाऊ माणूस शोधा, नाहीतर खुर्ची सोडा." तेव्हापासून खिशाला पेन्सिल लावलेला प्रत्येक जण बाईंना चोर वाटू लागला.

एका दुपारी त्यांनी कपाटाआडून येऊन हात पकडलाच. तो निघाला खुद्द लेखकाचा!

"अहो काका, स्वतःच्याच पुस्तकाचा गळा घोटताय?"

"हळू बोला, बाई. वकील निर्दोष आहे."

"मग लिहिता कशाला?"

 

"आधी लोक याच पानावर कंटाळून पुस्तक परत करायचे. आता वकिलावर डोळा ठेवून शेवटपर्यंत जातात."